नाडी, नेम आणि थांबणं

१० फेब्रुवारी २०१८. दक्षिण कोरियातल्या प्योंगचांगला हिवाळी ऑलिम्पिक सुरू होतं. रात्रीची वेळ, प्रखर दिव्यांचा उजेड, हाडं गोठवणारी थंडी आणि लहरी वारा. महिलांची साडेसात किलोमीटरची बायथलॉन स्प्रिंट शर्यत चालली होती. चोवीस वर्षांची जर्मन खेळाडू लॉरा डालमायर दोन फेऱ्या पूर्ण करून नेमबाजीच्या जागी आली. पाठीवरची बंदूक तिने उतरवली, खांद्याला लावली आणि उभ्या उभ्याच पन्नास मीटरवरच्या पाच काळ्या ठिपक्यांकडे पाहिलं. पाच गोळ्या सुटल्या आणि पाचही ठिपके पांढरे झाले. त्याआधी पालथं झोपून झाडलेल्या पाच गोळ्याही अशाच लागल्या होत्या. शर्यत संपली तेव्हा दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा ती २४ सेकंदांनी पुढे होती.

हा फरक मोठा वाटतो, पण या खेळात तो एका गोळीएवढा असतो. एक नेम चुकला, की दीडशे मीटरची दंडाची फेरी मारावी लागते आणि त्यात वीस-पंचवीस सेकंद सहज जातात. म्हणजे त्या रात्री दहापैकी एक गोळी जरी बाहेर गेली असती, तरी सगळी आघाडी पुसली जाण्याची वेळ आली असती.

बर्फाच्या देशांत बायथलॉन टीव्हीवर क्रिकेटसारखं पाहिलं जातं. आपल्याकडे मात्र तो फारसा कुणाला ठाऊक नाही. बर्फावर स्की लावून चढ-उतारांच्या वाटेने जीव तोडून धावायचं, मध्येच थांबून बंदुकीने पाच लक्ष्यं टिपायची आणि लगेच पुन्हा पळत सुटायचं, असा हा खेळ. किमान साडेतीन किलोची बंदूक सगळा वेळ पाठीवर असते. झोपून नेम धरायचा तेव्हा लक्ष्याचा व्यास ४५ मिलिमीटर, म्हणजे लिंबाएवढा. उभ्याने धरायचा तेव्हा ११५ मिलिमीटर, म्हणजे छोट्या बशीएवढा. सिंहगड पायथ्यापासून धावत चढायचा, वर पोचताच सुईत दोरा ओवायचा आणि तो पहिल्याच फटक्यात ओवला गेला नाही तर मागे जाऊन शेवटचा चढ पुन्हा चढायचा, अशी कल्पना केली तर अंदाज येईल.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहिलं, तर हे दोन खेळ एकमेकांचे वैरी आहेत. स्कीइंगसाठी हात, पाय, पाठ, पोट असे सगळे मोठे स्नायू एकाच वेळी राबतात. त्यांना प्राणवायू पुरवण्यासाठी हृदय आपल्या कमाल वेगाच्या ८५ ते ९० टक्के वेगाने धावत असतं. मिनिटाला १७० ते १८० ठोके ही नेहमीची गोष्ट. श्वास धापांत मोजावा लागतो. नेमबाजीला नेमकं उलटं हवं असतं. संथ नाडी, शांत छाती, न हलणारे खांदे. पन्नास मीटरवरच्या ४५ मिलिमीटरच्या ठिपक्याचं गणित मांडलं, तर बंदुकीचं पुढचं टोक मध्यापासून अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी सरकलं तरी गोळी बाहेर जाते. आणि ही बंदूक ज्या शरीराला टेकलेली असते, ते शरीर तर इंजिनासारखं थरथरत असतं.

मग हे जमतं कसं? हृदयाचा वेग एकदम खाली आणून, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तेवढा वेळच नसतो. नेमबाजीच्या जागेकडे येताना शेवटच्या काही मीटरांत खेळाडू वेग जरासा कमी करतात, श्वास लांबवतात आणि नाडी उतरू लागते. झोपून नेम धरताना ती कमाल वेगाच्या ६०-७० टक्क्यांपर्यंत येते, उभ्याने धरताना त्याहून कमी उतरते. थोडं आणखी थांबलं तर आणखी उतरेल, पण प्रत्येक सेकंद शर्यतीच्या घड्याळात जमा होत असतो. शिवाय नाडी फार उतरू दिली, की पुन्हा वेग धरताना पाय जड होतात. म्हणून अव्वल खेळाडू धडधडत्या छातीनेच नेम धरतात. पाच गोळ्यांचं सगळं काम अर्ध्या मिनिटात उरकतं.

झोपल्यावर अडचण वेगळीच असते. बंदुकीचा पट्टा दंडाला घट्ट बांधलेला असतो. दंडातून मोठी धमनी जाते, तिचा प्रत्येक ठोका पट्ट्यातून बंदुकीत उतरतो आणि दुर्बिणीशिवाय नेम धरणाऱ्या खेळाडूला समोरचा ठिपका तालात वर-खाली होताना दिसतो. तो थांबवता येत नाही. त्याच्या तालाशी जुळवून चाप ओढावा लागतो. श्वासाचंही तसंच. एक श्वास, एक गोळी. उच्छ्वास संपतो आणि पुढचा श्वास सुरू व्हायचा असतो, त्या क्षणभराच्या पोकळीत बोट दाबलं जातं.

उभं राहिल्यावर नाडीपेक्षा तोल महत्त्वाचा. दमलेल्या मांड्या आणि पोटऱ्या शरीराला सरळ ठेवण्यासाठी सतत बारीक दुरुस्त्या करत असतात आणि थकव्याने या दुरुस्त्या ओबडधोबड होतात. श्रमाची तीव्रता वाढवत नेली तर झोपून धरलेल्या नेमावर फारसा परिणाम होत नाही, उभ्याने धरलेला मात्र बिघडतो, असं नव्वदच्या दशकातल्या अभ्यासात दिसलं होतं. लक्ष्य अडीचपटींनी मोठं करूनही उभ्याची नेमबाजी अनेकांच्या शर्यती बुडवते, त्याचं कारण हे.

हृदय मंद करणारी बीटा-ब्लॉकर नावाची औषधं रक्तदाबाच्या अनेक रुग्णांना परिचित असतील. त्यांनी हाताची थरथर कमी होते, म्हणून नेमबाजी आणि तिरंदाजीत त्यांच्यावर बंदी आहे. बायथलॉनमध्ये ही गोळी घेणारा स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेईल, कारण चढावर ज्या हृदयाने १८० ठोके द्यायचे, तेच बांधलं जाईल. इथे औषधाने सुटणारी सोय नाही.

आणखी एक दुवा नजरेचा आहे. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स आणि त्यांचे सहकारी मार्क विल्यम्स यांनी २००७ मध्ये अव्वल बायथलीटांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. खेळाडूंना व्यायामाच्या सायकलवर वाढत्या ताकदीने पेडल मारायला लावून, मग नेम धरायला सांगितलं आणि त्यांचे डोळे कुठे, किती वेळ स्थिरावतात ते मोजलं. निवडीचं दडपण असताना आणि श्रम टोकाला गेले असताना बहुतेकांचा नेम ढळला. जे टिकले, त्यांची नजर चाप ओढण्याआधी लक्ष्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ स्थिर राहिली होती. दडपणात माणसाला घाई सुटते, त्यांनी उलट क्षणभर जास्त थांबून घेतलं होतं.

लॉरा डालमायर या थांबण्यात तरबेज होती. तिच्या खेळात हे सतत दिसायचं. ती सगळ्यांत वेगवान स्कीपटू नव्हती, सगळ्यांत झटपट नेमबाजही नव्हती. पण वारा बदलला, की बोट चापावरून काढून घेण्याची आणि पुन्हा नव्याने श्वास लावण्याची तिची तयारी असायची.

तिचा जन्म २२ ऑगस्ट १९९३ चा, गार्मिश-पार्टेनकिर्शेनचा. जर्मनीच्या दक्षिण टोकाला, देशातल्या सर्वोच्च त्सुगश्पिट्से शिखराच्या पायथ्याशी वसलेलं हे गाव. १९३६ चं हिवाळी ऑलिम्पिक इथेच झालं. इथल्या मुलांना डोंगर आणि बर्फ अंगणासारखे. लॉराही लहानपणापासून डोंगर चढत होती आणि बायथलॉनला लागल्यावरही तिने चढाई सोडली नाही. २०१४ च्या उन्हाळ्यात चढताना पडून तिचा घोटा दुखावला आणि पुढचा मोसम तिला उशिरा सुरू करावा लागला. एखाद्या संघाने अशा खेळाडूला कडेकपारी बंद करायला लावल्या असत्या. तिच्या बाबतीत तसं झालं नाही. डोंगर हाच आपला समतोल आहे, असं ती कायम सांगत राहिली.

जर्मनीत हिवाळी खेळांतल्या अनेकांना सैन्यात, पोलिसांत किंवा सीमाशुल्क विभागात नोकरी असते, आपल्याकडे रेल्वेत किंवा पोलिस दलात खेळाडूंना मिळते तशीच. लॉरा सीमाशुल्क विभागाच्या स्की संघात होती. तिच्याआधी याच विभागातली, याच गावात जन्मलेली माग्दालेना नॉयनर जर्मन बायथलॉनची राणी होती. १२ जागतिक विजेतेपदं आणि २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदकं तिच्या नावावर आहेत. नॉयनर स्कीवर वाऱ्यासारखी होती, पण उभ्याने नेम धरताना तिचे समर्थक डोळे मिटून घेत. २०१२ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, ती निवृत्त झाली. पुढच्याच वर्षी लॉरा वर्ल्ड कपमध्ये उतरली. नॉयनरशी तुलना ओघानेच आली, पण दोघींची घडण वेगळी होती. एकीचं बळ पायांत, दुसरीचं दोन गोष्टींच्या मिलाफात.

२०१४ च्या सोची ऑलिम्पिकमध्ये वीस वर्षांच्या लॉराला पदक मिळालं नाही. २०१५ मध्ये जागतिक स्पर्धेत रिलेचं सुवर्ण आलं, २०१६ मध्ये ऑस्लोला पाच पदकं आली आणि त्यात पाठलाग शर्यतीचं पहिलं वैयक्तिक विजेतेपद होतं. मग आला फेब्रुवारी २०१७. ऑस्ट्रियातल्या होखफिल्झनच्या जागतिक स्पर्धेत तिने सहा शर्यतींत भाग घेतला आणि सहाही वेळा पदक मिळवलं. त्यांतली पाच सुवर्ण. त्याच मोसमात वर्ल्ड कपचं एकूण विजेतेपदही तिने जिंकलं, नॉयनरनंतर पहिल्यांदाच एका जर्मन महिलेने. वर्षअखेर जर्मनीची सर्वोत्कृष्ट महिला क्रीडापटू म्हणून तिची निवड झाली.

पदकांच्या या यादीत एक प्रसंग सहसा दबून जातो. होखफिल्झनला पंधरा किलोमीटरची शर्यत जिंकल्यावर, विजेत्यांची गडबड चालू असताना, लॉरा कोसळली. डॉक्टरांनी रक्ताभिसरणाचा त्रास असल्याचं सांगितलं. दोनच दिवसांनी ती रिलेत धावली आणि संघाने सुवर्ण जिंकलं.

अंतिम रेषा ओलांडल्यावर धडधाकट खेळाडू कोसळतो, तेव्हा पाहणाऱ्याला हृदयाचीच भीती वाटते. बहुतेक वेळा कारण साधं असतं. जोरदार व्यायामात पायांकडच्या रक्तवाहिन्या रुंद उघडलेल्या असतात आणि तिथलं रक्त वर ढकलण्याचं काम पोटऱ्यांचे आकुंचन पावणारे स्नायू करतात. म्हणूनच पोटऱ्यांना दुसरं हृदय म्हणतात. माणूस एकदम थांबला, की हा पंप बंद पडतो. रक्त पायांत साचतं, हृदयाकडे कमी परततं, रक्तदाब घसरतो आणि मेंदूला क्षणभर पुरेसं रक्त मिळत नाही. त्यात पाणी कमी पडलेलं असेल, पोट रिकामं असेल आणि तासभर बोलत, फोटो देत ताटकळावं लागलं असेल, तर चक्कर ठरलेली. धावल्यावर लगेच उभं राहू नका, चालत राहा, असं मॅरेथॉनमध्ये सांगतात ते यासाठीच. आडवं करून पाय वर उचलले, की बहुतेक जण काही मिनिटांत सावरतात. व्यायाम चालू असताना, धावतानाच कुणी कोसळलं तर मात्र ती वेगळी आणि गंभीर बाब. तिथे हृदयाची तपासणी टाळू नये.

प्योंगचांगला स्प्रिंटनंतर दोन दिवसांनी पाठलाग शर्यत झाली. तिच्यात आदल्या शर्यतीतल्या अंतरानेच खेळाडू सोडले जातात, म्हणजे लॉरा सर्वांत पुढे आणि बाकी सगळ्या तिच्या मागावर. वीस गोळ्यांपैकी तिची एक चुकली. ती जवळजवळ अर्ध्या मिनिटाने जिंकली. एकाच ऑलिम्पिकमध्ये स्प्रिंट आणि पाठलाग अशा दोन्ही शर्यती जिंकणारी ती पहिली महिला बायथलीट ठरली. पुढे पंधरा किलोमीटरमध्ये कांस्यपदकही आलं.

त्यानंतरचा मोसम मात्र आजारपणांनी खाल्ला. २०१८ च्या हिवाळ्यात तब्येतीमुळे तिला वर्ल्ड कपच्या सुरुवातीच्या शर्यती सोडाव्या लागल्या. परतली, पदकंही मिळवली. मार्च २०१९ मध्ये स्वीडनमधल्या ओस्टरसुंडच्या जागतिक स्पर्धेत दोन कांस्यपदकं घेतली. पण शरीर पूर्वीसारखं साथ देत नव्हतं.

हे कोडं अनेकांना पडतं. इतका व्यायाम करणारी माणसं वारंवार आजारी का पडतात? एकेकाळी उत्तर सोपं होतं: कठोर श्रमानंतर काही तास प्रतिकारशक्ती खाली येते आणि जंतूंना जणू खिडकी उघडी मिळते. आता या सिद्धांतावर बऱ्याच संशोधकांनी शंका घेतली आहे. व्यायामानंतर रक्तातल्या संरक्षक पेशी घटतात हे खरं, पण त्या मरत नाहीत. फुफ्फुसं, आतडी अशा ठिकाणी पहाऱ्याला जातात, असं त्यांचं म्हणणं. मग खेळाडूंना सर्दी-खोकला का गाठतो? त्याला एकच कारण नाही. दर आठवड्याला नवा देश, विमानं, हॉटेलं, गर्दी, अपुरी झोप, मनावरचा ताण. खर्चाच्या मानाने कमी खाणं हेही एक. शरीराला मिळणारी ऊर्जा सतत कमी पडली तर हाडं, संप्रेरकं, मासिक पाळी, प्रतिकारशक्ती असं सगळंच डळमळतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून या अवस्थेकडे सगळ्या खेळांचं लक्ष वेधलं आहे.

हिवाळी खेळाडूंच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे हवा. नाकाचं काम श्वास गरम करणं आणि ओला करणं. पण मिनिटाला शंभर लिटरहून जास्त हवा लागते तेव्हा तोंडाने श्वास घ्यावाच लागतो. उणे दहा अंशांची कोरडी हवा सरळ श्वासनलिकेत शिरते आणि तिथलं ओलं अस्तर सुकवते. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं तर नलिका चिडक्या होतात. क्रॉस-कंट्री स्कीपटूंमध्ये दम्याचं प्रमाण सर्वसामान्य लोकांपेक्षा जास्त आढळतं, ते यामुळे. सर्दी झालेली असताना त्याच हवेत पूर्ण ताकदीने धावणं म्हणजे सोललेल्या जागेवर मीठ. छातीत कफ किंवा अंगात ताप असताना कठोर व्यायाम नको, हा सल्ला ऑलिम्पिक विजेत्यांपासून सोसायटीच्या जिममध्ये जाणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना लागू आहे. पाळणारे दोन्हीकडे कमीच.

मे २०१९ मध्ये लॉराने निवृत्ती जाहीर केली. वय पंचवीस, नॉयनरएवढंच. या खेळात तिशीतही लोक विजेते होतात, म्हणून जर्मनीत हळहळ झाली. या खेळासाठी लागणारी शंभर टक्के ओढ आता आपल्याला वाटत नाही, असं तिने सांगितलं. तिच्या खात्यात तेव्हा दोन ऑलिम्पिक सुवर्ण, सात जागतिक विजेतेपदं आणि जागतिक स्पर्धांतली एकूण पंधरा पदकं होती. आणखी चार वर्षं खेळली असती तर यादी किती वाढली असती, याची गणितं क्रीडा पानांवर बरीच झाली. चार वर्षं त्याच हवेत, त्याच वेगाने काढण्याची शरीराने काय किंमत घेतली असती, याची फार कुणी केली नाहीत.

इतक्या वर्षांच्या मेहनतीने घडलेलं हृदय निवृत्तीबरोबर लगेच बदलत नाही. सहनशक्तीच्या खेळाडूंच्या हृदयाचा डावा कप्पा मोठा झालेला असतो, एका ठोक्यात जास्त रक्त फेकतो आणि म्हणून विश्रांतीत मिनिटाला चाळीस-पंचेचाळीस ठोकेही पुरतात. सराव थांबला, की तो महिन्या-वर्षांत हळूहळू आकसतो. जाणकार म्हणूनच खेळाडूंना एकदम न थांबता सराव पायरीपायरीने कमी करायला सांगतात. लॉराच्या बाबतीत हा प्रश्न आला नाही, कारण ती बसली नाहीच. तिने म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात क्रीडाविज्ञानाचा अभ्यास केला. २०१९ मध्येच ती लांब पल्ल्याच्या डोंगरी धावण्याच्या जागतिक स्पर्धेत उतरली. जर्मन दूरचित्रवाणीवर बायथलॉनची जाणकार म्हणून ती दिसू लागली. आणि मुख्य म्हणजे ती डोंगरांकडे पूर्ण वेळ वळली. सरकारमान्य पर्वत मार्गदर्शकाची परीक्षा ती उत्तीर्ण झाली. अडकलेल्यांना सोडवणाऱ्या पर्वतीय बचाव पथकातही ती होती. आल्प्समध्ये कुणी दरीत अडकलं, की जे उतरतात त्यांच्यापैकी ती एक.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळमधलं अमा दब्लाम हे ६,८०० मीटरहून उंच शिखर तिने बेस कॅम्पपासून वर आणि परत साधारण बारा तासांत केलं. महिलांमध्ये हा सर्वांत वेगवान प्रयत्न मानला गेला. जिथे इतर गिर्यारोहक मध्ये मुक्काम टाकत जातात, तिथे एका दिवसात जाऊन येणं याचा अर्थ पातळ हवेत कमी वेळ काढणं. पण त्यासाठी आधी अनेक दिवस उंचीवर राहून शरीराला सवय करावी लागते. सहा हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी असतो. फुफ्फुसं कितीही कमावलेली असोत, या सवयीला पर्याय नाही. ऑलिम्पिक पदकवाल्यालाही उंचीचा आजार होतो, कित्येकदा वेगाने चढण्याच्या हौसेपायी आधी होतो. लॉराने ही घाई केली नव्हती.

२०२५ च्या जुलैत ती पाकिस्तानातल्या काराकोरम पर्वतरांगेत होती. महिन्याच्या सुरुवातीला तिने आणि तिच्या साथीदार गिर्यारोहक महिलेने ग्रेट ट्रँगो हा प्रचंड खडकाळ सुळका सर केला. त्यानंतर दोघी हुशे खोऱ्यातल्या लैला शिखराकडे गेल्या. भाल्याच्या पात्यासारखं दिसणारं, सुमारे ६,१०० मीटर उंचीचं हे शिखर. २८ जुलैला दुपारच्या सुमारास, साधारण ५,७०० मीटर उंचीवर, वरून दगड कोसळले आणि लॉराला लागले.

साथीदार जवळच होती, पण दगड पडतच होते. तिने मदतीसाठी कळवलं, लॉरापर्यंत पोचण्याचा प्रयत्न केला आणि तिच्याकडून कुठलीच हालचाल दिसेना तेव्हा, स्वतःचाही जीव जाण्याची शक्यता समोर असताना, ती खाली उतरली. एवढ्या उंचीवर हेलिकॉप्टरचीही दमछाक होते. हवा पातळ, त्यामुळे पंख्यांना उचल कमी, आणि तीव्र उतारावर उतरायला जागा नाही. २९ तारखेला हेलिकॉप्टरने वरून पाहणी केली. लॉरा दिसली, जिवंत असल्याची खूण दिसली नाही. जर्मन गिर्यारोहक थॉमस हुबर आणि त्या भागात असलेले आणखी काही अनुभवी लोक वर जायच्या तयारीने आले होते. दगड पडण्याचा धोका पाहून वर जायचं नाही, असं ठरलं.

ठरवण्यात एक गोष्ट निर्णायक होती. लॉराने आधीच लेखी इच्छा नोंदवून ठेवली होती, की अशी वेळ आलीच तर आपला देह आणण्यासाठी कुणीही स्वतःचा जीव धोक्यात घालू नये. तो डोंगरावरच राहू द्यावा. बचाव पथकात काम केलेल्या माणसाला ठाऊक असतं, की मृतदेहासाठी वर गेलेले जिवंत लोक नेहमी परत येतातच असं नाही. तिच्या घरच्यांनीही ही इच्छा मान्य केली.

३० जुलैला मोहीम थांबवण्यात आली. तिच्या बत्तिसाव्या वाढदिवसाला तेव्हा तीन आठवडे बाकी होते.